पहिली बुडी घेण्यापूर्वी : अंगावर काय असावे, काय नसावे

पावसाळा सरून समुद्र निवळला, की देशाच्या किनाऱ्यांवर स्कूबा डायव्हिंग आणि स्नॉर्कलिंगचा हंगाम सुरू होतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण आणि तारकर्ली, कर्नाटकात मुर्डेश्वरसमोरील नेत्राणी बेट, गोव्याचा किनारा, लक्षद्वीप आणि अंदमानातील स्वराज द्वीप या ठिकाणी आयुष्यात प्रथमच समुद्राखाली उतरणाऱ्यांची संख्या मोठी असते. खर्च किती, खोली किती, पोहता येणे आवश्यक आहे का, हे प्रश्न ही मंडळी आधीच विचारून घेतात. अंगावर काय घालायचे, हा प्रश्न मात्र बहुधा होडीत बसल्यावरच समोर येतो. तोपर्यंत निवडीला फारसा वाव उरलेला नसतो. मग हाती येईल तो सूट चढवला जातो, अंगावरची जीन्स तशीच राहते आणि गळ्यातील साखळीही तशीच राहते.

पाण्याखालचा पेहराव ही हौसेची किंवा छायाचित्रांपुरती बाब नाही. शरीराची ऊब, श्वासाची मोकळीक, त्वचेचे रक्षण आणि पाण्यातील तोल या चारही गोष्टी त्यावर अवलंबून असतात. प्रथम उतरणाऱ्या व्यक्तीचा सर्वांत मोठा शत्रू खोली नसून घाबरगुंडी असते. थंडीने कुडकुडणारा, छातीवर आवळलेल्या सुटामुळे धाप लागलेला किंवा मास्कमध्ये शिरणाऱ्या पाण्याने गांगरलेला माणूस जितका लवकर घाबरतो, तितका स्वस्थ माणूस घाबरत नाही. म्हणून पेहरावाचा विचार सुरक्षिततेचा भाग म्हणूनच करावयास हवा.

उबदार समुद्रातही थंडी का वाजते?

भारताच्या किनाऱ्यांवर हंगामात समुद्राचे पाणी साधारणपणे २६ ते ३० अंश सेल्सिअस असते. हवेचे तापमान २८ अंश असताना आपण सुती सदऱ्यात सुखाने वावरतो. मग त्याच तापमानाच्या पाण्यात वेगळ्या कपड्यांची गरज काय, असे वाटणे स्वाभाविक आहे. याचे उत्तर पाण्याच्या गुणधर्मात आहे. हवेच्या तुलनेत पाणी सुमारे २५ पट अधिक उष्णतावाहक आहे. शरीराचे तापमान ३७ अंशांच्या आसपास असते आणि पाण्यात हा फरक भरून निघताना शरीरातील ऊब सतत बाहेर ओढली जाते. उघड्या अंगाने, हालचाल न करता दीर्घकाळ पाण्यात स्वस्थ राहावयाचे तर पाणी ३३ ते ३५ अंश इतके कोमट असावे लागते. आपला समुद्र इतका कोमट नसतो.

पहिली दहा-पंधरा मिनिटे हा फरक जाणवत नाही. त्यानंतर अंगावर शहारे येतात, बोटे आखडू लागतात, श्वासाचा वेग वाढतो आणि टाकीतील हवा लवकर संपते. काही ठिकाणी वरचे पाणी उबदार असले तरी काही मीटर खाली गार पाण्याचा थर लागतो. होडीत परतल्यावर ओल्या अंगाला वारा लागला, की ही थंडी अधिकच बोचते.

वेटसूट म्हणजे जलरोधक कपडा नव्हे

वेटसूट अंग कोरडे ठेवतो, असा समज सर्रास आढळतो. वस्तुस्थिती तशी नाही. वेटसूट निओप्रीन या कृत्रिम रबराच्या फेसापासून बनवतात. या फेसात वायूचे असंख्य बंदिस्त बुडबुडे असतात. लोकरीच्या स्वेटरमध्ये अडकलेली हवा जशी ऊब राखते, तसेच काम हे बुडबुडे करतात. सूट आणि त्वचा यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर शिरतो, तो शरीराच्या उष्णतेने थोड्याच वेळात कोमट होतो आणि सूट अंगाला नीट बसलेला असेल तर तेथेच थांबतो. अंग भिजले तरी चालते, ऊब टिकवण्याचे काम वायूचे बुडबुडे करतात, हे सूत्र अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या आरंभी मांडले आणि आधुनिक वेटसुटाचा पाया त्यातून घातला गेला.

यावरून एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. सैल वेटसूट जवळजवळ निरुपयोगी असतो. कंबर, मान किंवा मनगटापाशी जागा राहिली, तर प्रत्येक हालचालीसरशी आतील कोमट पाणी बाहेर जाते आणि गार पाणी आत येते. ‘थोडा मोठा घेतला तर बरे पडेल’ हा नेहमीच्या कपड्यांचा हिशेब येथे चालत नाही.

जाडी किती असावी?

वेटसुटाची जाडी मिलिमीटरमध्ये मोजतात. भारतीय समुद्रात अर्ध्या-पाऊण तासाच्या उथळ बुडीसाठी ३ मिलिमीटर जाडीचा सूट बहुतेकांना पुरेसा ठरतो. त्याचे दोन प्रकार असतात. एक मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा पूर्ण सूट आणि दुसरा कोपर व गुडघ्यापर्यंतचा आखूड सूट. अंदमान किंवा लक्षद्वीपच्या उबदार पाण्यात काहीजण आखूड सुटावर भागवतात. मात्र नवख्या व्यक्तीने शक्य असेल तर पूर्ण सूट निवडावा. त्याचे कारण थंडीपेक्षा त्वचेचे रक्षण हे आहे. ५ किंवा ७ मिलिमीटर जाडीचे सूट गार पाण्यासाठी असतात. उबदार पाण्यात ते विनाकारण जड होतात, हालचाल अवघडते आणि तरंगशक्ती वाढल्याने कमरेला अधिक वजने बांधावी लागतात. सडपातळ व्यक्ती, मुले आणि ज्येष्ठ नागरिक यांना थंडी लवकर वाजते. त्यांनी ही गोष्ट प्रशिक्षकाला आधीच सांगावी.

केवळ पृष्ठभागावर तरंगत स्नॉर्कलिंग करणार असाल, तर लायक्राचा पूर्ण बाह्यांचा अंगसरशी सदरा, म्हणजेच रॅशगार्ड, आणि तशाच कापडाची लांब विजार पुरेशी होते. तो ऊब फारशी देत नाही, पण ऊन आणि ओरखडे यांपासून चांगले रक्षण करतो. स्नॉर्कलिंग करताना चेहरा पाण्यात आणि पाठ उन्हात असते. पाणी गार लागत असल्याने त्वचा भाजत असल्याचे कळत नाही आणि संध्याकाळी खांदे, मान व पोटऱ्या लालबुंद झालेल्या दिसतात. साधा पांढरा सुती सदरा येथे कामाचा नाही. अतिनील किरणे तो मुळातच कमी अडवतो आणि भिजल्यावर त्याहून कमी अडवतो.

मापाची परीक्षा किनाऱ्यावरच

वेटसूट अंगाला लागून बसला पाहिजे, पण आवळता कामा नये. ही सीमारेषा नवख्यांना ठाऊक नसते आणि ‘घट्टच असतो, पाण्यात सैल होईल’ या आश्वासनावर ते गप्प बसतात. शरीर गळ्यापर्यंत पाण्यात गेले, की पाण्याच्या दाबाने छातीवर किंचित भार येतो आणि पायांकडील काही रक्त छातीकडे सरकते. त्यामुळे श्वास घेणे आधीच थोडे कष्टाचे झालेले असते. त्यात छातीवर सूट आवळलेला असेल, तर धाप लागल्यासारखे वाटते आणि मन बिथरते.

मानेकडे विशेष लक्ष द्यावे. मानेच्या दोन्ही बाजूंना असलेल्या मुख्य धमन्यांमध्ये रक्तदाब जोखणारी संवेदनाकेंद्रे असतात. सुटाच्या घट्ट गळ्याचा त्यांवर दाब पडला, तर रक्तदाब वाढल्याचा चुकीचा संकेत मेंदूकडे जातो, हृदयाचे ठोके मंदावतात आणि भोवळ येऊ शकते. गळ्यापाशी गुदमरल्यासारखे वाटत असेल, तर ते सहन न करता सूट तत्काळ बदलून घ्यावा.

सूट योग्य आहे की नाही, हे किनाऱ्यावरच दोन मिनिटांत पाहता येते. दोन्ही हात डोक्यावर न्यावेत, उकिडवे बसावे, मान डावी-उजवीकडे वळवावी आणि तीनदा छातीभर श्वास घ्यावा. यांपैकी काहीही अडत असेल तर माप लहान आहे. पाठीच्या कण्यापाशी, काखेत किंवा कमरेपाशी कापडाचा फुगा राहत असेल तर माप मोठे आहे. साखळी बहुतेक सुटांना पाठीमागे असते. ती पुढे घेऊन सूट उलटा घालण्याची चूक नवख्यांकडून हमखास होते. निओप्रीन नखाने ओढल्यास फाटते. म्हणून ते बोटांच्या पेरांनी, घोट्यापासून थोडे थोडे वर सरकवावे. पायात प्लॅस्टिकची पातळ पिशवी घातली तर सूट सहज चढतो.

एप्रिल-मेच्या उन्हात होडीवर पूर्ण सूट चढवून अर्धा तास बसणे टाळावे. बंद सुटात घाम वाळत नाही आणि बुडीपूर्वीच जीव कासावीस होतो. सूट कमरेपर्यंत चढवून ठेवावा, वरचा भाग पाण्यात उतरण्याच्या वेळी घालावा आणि मधल्या वेळात पाणी पीत राहावे.

सुटाच्या आत काय?

वेटसुटाच्या आत अंगाला चिकटून बसणारा, शिवण टोचणार नाही असा पोहण्याचा पोशाख असावा. पुरुषांनी पोहण्याची आखूड तंग चड्डी आणि महिलांनी एकसंध पोहण्याचा पोशाख किंवा लायक्राचा सदरा-विजार घालावी. जीन्स, सुती पँट, जाड टी-शर्ट, सलवार-कमीज किंवा ओढणी यांचा उपयोग नाही. सुती कापड भरपूर पाणी शोषते, जड होते, सुटाखाली त्याच्या घड्या पडतात आणि त्या काचून त्वचा सोलवटते. सैल कपड्यात पाण्याखाली हवा अडकते, ओढणीचे टोक उपकरणात गुंतू शकते.

संकोच हा अनेक महिलांच्या आणि ज्येष्ठांच्या मनातील मोठा अडसर असतो. पाण्यात उतरायचे म्हणजे तोकडे कपडे घालावे लागतील, या समजापोटी कित्येकजणी होडीतच बसून राहतात. प्रत्यक्षात डायव्हिंगचा शास्त्रशुद्ध पेहराव हा अंग झाकणाराच असतो. पूर्ण बाह्यांचा रॅशगार्ड, घोट्यापर्यंतची लायक्राची विजार आणि वर पूर्ण वेटसूट असा पोशाख केल्यास चेहरा, हात आणि पाऊल वगळता काहीही उघडे राहत नाही. बुडीनंतर सूट काढल्यावरही आतील पोशाख अंगभर असतो. डोके झाकावयाचे असेल, तर पोहण्याची घट्ट टोपी किंवा निओप्रीनची टोपी चालते. तिची कड मास्कच्या खाली येऊ नये, एवढेच पाहावे लागते. भाड्याचा सूट अनेकांनी वापरलेला असतो, त्यामुळे आत स्वतःची लायक्रा असणे स्वच्छतेच्या दृष्टीनेही हिताचे आहे.

दंश, ओरखडे आणि हातमोज्यांचा प्रश्न

उथळ पाण्यातील प्रवाळभूमी दिसायला मऊ वाटली तरी तिच्या कडा धारदार असतात. प्रवाळाने झालेला ओरखडा लवकर चिघळतो आणि भरून यायला वेळ घेतो. फायर कोरल या नावाने ओळखला जाणारा जीव नुसत्या स्पर्शानेही आग होईल असा दंश करतो. जेलीफिशचे बारीक धागे पाण्यात दिसतही नाहीत. अशा वेळी ३ मिलिमीटर निओप्रीन किंवा साधी लायक्राही बहुतांश दंश अडवते.

याच तर्काने हातमोजे घालावेत असे वाटू शकते. मात्र प्रवाळक्षेत्रात अनेक ठिकाणी हातमोज्यांना मनाई असते. हातमोजा घातलेला माणूस बिनधास्तपणे प्रवाळाला धरतो आणि एका पकडीत वर्षानुवर्षांची वाढ मोडते. उघडा हात आपोआप सावध राहतो. प्रवाळांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे आणि मालवणच्या किनाऱ्यालगतचे क्षेत्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. म्हणून हात छातीशी दुमडून ठेवणे हाच येथील शिष्टाचार आहे.

सनस्क्रीनबाबतही विवेक हवा. त्यातील ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट या रसायनांचा प्रवाळांवर अनिष्ट परिणाम होत असल्याच्या चिंतेतून अमेरिकेतील हवाई राज्याने १ जानेवारी २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर निर्बंध आणले. अंग कपड्याने झाकले, तर सनस्क्रीन फक्त चेहरा आणि हातापुरतेच लागते. तेही कपाळावर जाड थापू नये. ते ओघळून मास्कमध्ये गेले, तर डोळ्यांची आग होते आणि पाण्याखाली डोळे चोळता येत नाहीत.

चेहरा : टिकली, मिशी आणि चष्मा

मास्कची सिलिकॉनची कड त्वचेला सर्व बाजूंनी टेकली तरच पाणी आत येत नाही. मास्क पट्ट्याविना चेहऱ्याला लावावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावर तो क्षणभर जागीच राहिला, तर माप योग्य आहे. कडेखाली केसाची बट, दाट मिशी, मोठी टिकली किंवा नथ आली, तर तेवढ्या फटीतून पाणी झिरपते. मिशी असलेल्यांनी नाकाखालच्या भागात सिलिकॉन ग्रीस किंवा थोडे पेट्रोलियम जेली लावण्याचा उपाय सुचवला जातो. पेट्रोलियम जेली सिलिकॉनला मानवते, रबराच्या कडेला मात्र ती हानिकारक ठरते, म्हणून मास्कच्या मालकाला विचारूनच ती वापरावी. चेहऱ्यावर तेल, काजळ किंवा प्रसाधने नसावीत. लांब केस मागे घट्ट वेणीत किंवा अंबाड्यात बांधावेत.

चष्मा मास्कच्या आत घालता येत नाही, कारण त्याच्या काड्या कड उचलून धरतात. मऊ कॉन्टॅक्ट लेन्स चालतात, मात्र मास्कमध्ये पाणी आले तर डोळे मिटून घ्यावे लागतात. काही केंद्रांवर ठरावीक क्रमांकाच्या काचा बसवलेले मास्क मिळतात, ते आधी कळवून ठेवावेत. सौम्य क्रमांक असलेल्यांना चष्म्याविनाही बरेच दिसते. पाण्याखाली सपाट काचेतून वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या आणि त्यामुळे जवळ आल्यासारख्या दिसतात.

दागिने घरीच बरे

अंगठी, बांगड्या, झुमके, साखळी, मनगटावरचा धागा या सर्व वस्तू सूट चढवताना अडकतात, निओप्रीन फाडतात आणि पाण्यात निसटतात. गार पाण्यात बोटे किंचित आकसतात आणि घट्ट वाटणारी अंगठीही सहज गळून पडते. वाळूच्या तळावर ती शोधून सापडणे अवघड असते. मंगळसूत्र काढणे ज्यांना नको वाटते, त्यांनी ते आखूड असेल तर सुटाच्या आत छातीशी घ्यावे. लांब मंगळसूत्र गुंतण्याचा धोका असतो. जानवे सुटाखाली अंगाशी घट्ट राहते, त्याची अडचण होत नाही. चमकत्या धातूकडे काही मांसाहारी मासे छोटा मासा समजून आकर्षित होतात, हेही ध्यानात ठेवावे.

पाय, वजन आणि तोल

किनाऱ्यावरून चालत पाण्यात उतरावयाचे असेल, तर खडक, शिंपले आणि सी-अर्चिनचे काटे यांपासून पाय वाचवण्यासाठी निओप्रीनचे बूट आवश्यक असतात. होडीतून थेट उतरताना पूर्ण पाऊल आत जाणारे फिन्स चालतात. फिन्स टाचेपाशी सैल असतील तर निसटतात आणि फार घट्ट असतील तर पोटरीत वांब येतात. पायात मोजे घातले तर काचणे कमी होते.

निओप्रीनमधील बुडबुड्यांमुळे माणूस पाण्यावर तरंगू लागतो. हे तरंगणे संतुलित करण्यासाठी कमरेला शिशाची वजने बांधतात. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, बुडबुडे आकसतात आणि सूट पातळ होतो. त्यामुळे खाली तरंगशक्ती व ऊब दोन्ही थोडी घटतात. नवख्या व्यक्तीसाठी याचा अर्थ इतकाच, की वजने प्रशिक्षकाने सूट पाहून ठरवलेली असतात. नंतर सूट बदलला, आत आणखी एखादा सदरा चढवला किंवा आखूड सूट घेतला, तर ते सांगणे आपले काम आहे.

रंग, मुले आणि परतीची तयारी

छायाचित्रांसाठी लाल पोशाख घेणाऱ्यांचा हिरमोड ठरलेला असतो. पाणी प्रथम लाल प्रकाश शोषते आणि अवघ्या पाच-सहा मीटरवर लाल रंग तपकिरी दिसू लागतो. पिवळा व चमकदार हिरवट रंग खोलवर उठून दिसतो. प्रशिक्षकाला आपण सहज दिसावे, यासाठीही हा रंग उपयुक्त आहे.

आंतरराष्ट्रीय प्रशिक्षण संस्था ‘पाडी’च्या नियमानुसार अनुभवापुरत्या पहिल्या समुद्रबुडीसाठी किमान वय १० वर्षे आणि कमाल खोली १२ मीटर असते. मुलांचे शरीर लहान आणि त्या मानाने त्वचेचे क्षेत्रफळ मोठे असल्याने ती मोठ्यांपेक्षा लवकर गारठतात. त्यांना मोठ्यांचा सूट दुमडून घालणे म्हणजे सूट न घालण्यासारखेच आहे. लहान मापाचा सूट उपलब्ध आहे का, हे आरक्षण करतानाच विचारावे.

सोबतच्या पिशवीत टॉवेल, कोरडे कपडे, वाऱ्यापासून आडोसा देणारे जाकीट, टोपी आणि चपला असाव्यात. परतल्यावर सूट गोड्या पाण्यात धुऊन सावलीत वाळवावा. कडक उन्हात निओप्रीन ठिसूळ होते.

अखेरीस एक गोष्ट प्रत्येक नवख्याने मनाशी पक्की करावी. सूट आवळत असेल, मास्कमधून पाणी येत असेल किंवा थंडी वाजत असेल, तर बदल मागणे हा पैसे भरलेल्या पर्यटकाचा हट्ट नसून त्याचा अधिकार आहे. चांगला प्रशिक्षक अशा तक्रारीने नाराज होत नाही. किनाऱ्यावर सूट बदलावयास पाच मिनिटे लागतात. पाण्याखाली गेल्यावर तो बदलता येत नाही.